दवंडी, जाहिरात आणि नावांचा कागद

मराठी नाटकाचा इतिहास लिहिणारे बहुधा पडदा वर गेल्यापासून लिहायला सुरुवात करतात. नाटक कोणी लिहिले, कोणी बसवले, कोणती भूमिका कोणी गाजवली, याच्या नोंदी होतात. पण पडदा वर जाण्याआधी नाटकाभोवती तीन कागद वावरत असतात. एक भिंतीवर डकवलेला, एक प्रेक्षकाच्या हातात पडणारा आणि एक नाट्यगृहाच्या दारातल्या मोकळ्या जागेत टांगलेला. भित्तिपत्रक, कार्यक्रमपत्रिका आणि प्रवेशदालनातली मांडणी. या तिन्ही कागदांवर दोन प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असतात. बोलावले कोणाला? आणि नाव कोणाचे छापले?

दलित रंगभूमीच्या आशयावर, भाषेवर, तिच्या नकारावर आणि विद्रोहावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. या कागदांवर फारसे लिहिले गेले नाही. ‘ते काम पोरे करतात’ असे म्हणून आपण पुढे जातो. एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात शिकवताना मी गेली काही वर्षे मुलांबरोबर एकांकिका बसवतो आहे. हे काम पोरेच करतात हे खरे. पण म्हणूनच ते किरकोळ नाही. पहिल्या पिढीतल्या शिकलेल्या मुलाला आपल्या समाजाच्या इतिहासाशी स्वतःच्या हाताने भिडायची संधी या कागदांवर मिळते. ती कशी, हे इथे मांडायचे आहे.

छापील जाहिरातीच्या आधी दवंडी होती. गावात कोणतीही सार्वजनिक गोष्ट व्हायची तर ती हलगीवर सांगितली जाई. आमच्या भागात हे काम महारकीच्या पाळीत होते. सारा भरायला रयतेला चावडीवर बोलावणे, मर्तिकाचा सांगावा परगावी नेणे, जत्रेची, लिलावाची, तमाशाची दवंडी देणे. माझ्या आजोबांनी तरुणपणी ही पाळी केली. दवंडी देणाऱ्याचा आवाज सगळ्या गावाला ओळखू येई. पण ज्या कार्यक्रमाची दवंडी तो देई, तिथे त्याला बसायला जागा नसे. साऱ्या गावाला बोलावणारा माणूस स्वतः बिनबोलावलेला! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत हलगी वाजतच होती. नाटकाचे भित्तिपत्रक हे या दवंडीचे कागदावरचे रूप आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असली पाहिजे. जाहिरातीची कला आपल्याला नवी नाही. आपल्याला नवी आहे ती स्वतःच्या कार्यक्रमाची जाहिरात.

शहरात हा बदल लवकर झाला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते राजाश्रयाने. दहा वर्षांनी, १८५३ साली, ते मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ करू लागले. तिकीट आले म्हणजे अनोळखी प्रेक्षक आला, आणि अनोळखी प्रेक्षक आला म्हणजे छापील जाहिरात आली. हा एका अर्थाने मोठाच बदल होता. ज्याच्याजवळ पैसा तो आत, अशी सोय कागदावर तरी झाली. पण कागद वाचणाऱ्यालाच बोलावतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्याच्यासाठी भिंतीवरची जाहिरात ही नुसती भिंत होती.

त्याच दशकात, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. अडाणी कुणबी जोडप्याची भटजीकडून होणारी लूट आणि त्यातून त्यांना शिक्षणाकडे नेणारी वाट, असा त्याचा विषय. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. छापून यायला १९७९ साल लागले. मराठीतल्या या आद्य सामाजिक नाटकाला सव्वाशे वर्षे ना भित्तिपत्रक मिळाले, ना कार्यक्रमपत्रिका. नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात आपली जागा का नाही, असे आपण विचारतो, तेव्हा त्याचे एक साधे उत्तर इथे आहे. ज्या नाटकाचा कागद निघत नाही, त्याची तारीख राहत नाही; आणि ज्याची तारीख राहत नाही, त्याला इतिहासकार मोजत नाही.

म्हणून आपल्या माणसांनी वेगळ्या वाटा काढल्या. सत्यशोधकी जलसा आणि पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे यांना भिंतीवरच्या कागदाची गरज नव्हती. ढोलकीवर थाप पडली की वस्ती गोळा होई. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकू तर येते. जलशाने दवंडीचे वाद्य गावकीच्या हातून काढून घेतले आणि स्वतःच्या माणसांना बोलावण्यासाठी वापरले. मी याला आपल्या रंगभूमीचे पहिले भित्तिपत्रक मानतो.

आणि लिहिलेल्या अक्षराचा सार्वजनिक उपयोग? त्यासाठी महाडकडे पाहावे. २५ डिसेंबर १९२७. परिषदेच्या मांडवाला जागा मिळू नये अशी व्यवस्था विरोधकांनी केली होती. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली म्हणून मांडव उभा राहिला. मनुस्मृतीच्या दहनासाठी खड्डा खणला, चारी कोपऱ्यांना खांब रोवले आणि तीन बाजूंना फलक लावले. ही मनुस्मृतीची दहनभूमी आहे, असे एक सांगत होता. अस्पृश्यता नष्ट करा, असे दुसरा. ब्राह्मण्याला मूठमाती द्या, असे तिसरा. जमलेल्यांत वाचता येणारे थोडे होते. तरीही फलक लावले, कारण आपल्या कृतीला आपण नाव द्यायचे, दुसऱ्याला देऊ द्यायचे नाही, हे तिथल्या लोकांना नेमके कळले होते. मांडणी म्हणजे सजावट नव्हे, हे शिकवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. फलकांवरचे शब्द आपल्याला पाठ आहेत. ते रंगवणारा कुंचला कोणाच्या हातात होता, हे मात्र आपल्या भाषणांत कधी येत नाही.

हाताचे नाव होऊ शकते, हे नाट्यव्यवसायाने दाखवले होते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे कारागीर घरातले भाऊ. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता मेस्त्रीचे ‘पेंटर’ झाले. पुढे बाबूराव पेंटरांचा मराठी चित्रपटाच्या इतिहासात मानाचा पाट मांडला गेला. कुंचल्याच्या हाताला नाव मिळाले, हलगीच्या हाताला मिळाले नाही. हा फरक कौशल्याचा नव्हता.

आपल्याकडे विद्यार्थी, नाटक आणि चळवळ यांची गाठ पडली ती औरंगाबादला, मिलिंद महाविद्यालयात. प्राचार्य म. भि. चिटणिसांचे ‘युगयात्रा’ १९५५ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले आणि १९५६ च्या ऑक्टोबरात धम्मदीक्षेच्या वेळी ते नागपूरला जनसमुदायापुढे झाले. ज्या मुलांचे आईबाप शाळेच्या पायरीवर उभे राहिले होते, ती मुले वेशीबाहेरचा इतिहास रंगमंचावर आणत होती. विद्यार्थ्यांची रंगभूमी म्हणजे मोठ्या रंगभूमीची उमेदवारी, ही समजूत मध्यमवर्गीय आहे. आपल्या बाबतीत ती मुळातच चळवळीची रंगभूमी होती.

पुढे स्पर्धांचे युग आले. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून आणि पुण्याची महाविद्यालयीन पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून सुरू होती. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’सारखी एकांकिका सत्तरीच्या दशकात आली आणि महाविद्यालयांतून गावोगाव पोचली. या काळात भित्तिपत्रक काढणे सोपे नव्हते. छापखान्यात मोठ्या अक्षरांचे लाकडी खिळे असत. पण लहान गावच्या छापखान्यात मोठ्या आकाराची जोडाक्षरे पुरी नसत. जुळारी पाय मोडून वेळ मारून नेई. चित्र हवे तर ठोकळा करून आणावा लागे आणि त्याचा खर्च वेगळा. म्हणून मुले चुन्यात नीळ आणि गेरू कालवून भिंती रंगवत, किंवा लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडातून रबराच्या पट्टीने शाई ओढून रात्रभर पत्रके काढत. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते, म्हणून दोनच रंग. ती जाड, ओबडधोबड अक्षरे दारिद्र्यातून आली होती. पण रस्त्यापलीकडून वाचता येत होती. सायक्लोस्टाइलवर निघालेल्या लघुनियतकालिकांनी जे साहित्यात केले, तेच या पत्रकांनी रंगभूमीच्या भिंतीवर केले.

याच प्रश्नाशी दूरदेशीचे आपले भाऊबंदही झगडले होते. आपल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर काढली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्या बांधवांकडून घेतले. त्यांचे साहित्य आपण वाचले, त्यांची चित्रे कमी पाहिली. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९२५–२६ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ‘क्रिग्वा’ नावाची नाटकमंडळी उभी केली. खेळ एका सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात होत. नाटक आपल्याविषयी, आपण लिहिलेले, आपल्या माणसांसाठी आणि आपल्या वस्तीत असावे, हे त्यांचे सूत्र. त्या मंडळीचे भित्तिपत्रक एरन डग्लस या तरुण चित्रकाराने केले. काळ्या माणसाचे दीनवाणे किंवा हास्यास्पद चित्र पाहायची सवय असलेल्या देशात त्याने आफ्रिकी मुखवटा आणि इजिप्तचे पिरॅमिड मांडले. काळी शाई आणि कोरा कागद, पण ताठ. चाळीस वर्षांनी, १९६७ साली, एमरी डग्लस हा जाहिरातकला शिकलेला विद्यार्थी सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात लीरॉय जोन्स यांच्या नाटकांचे नेपथ्य करत होता. तिथूनच तो ब्लॅक पँथर पक्षाच्या वर्तमानपत्रात गेला आणि त्याचा चित्रकार झाला. विद्यार्थ्यांच्या नाटकाचे काम करणारा हात चळवळीचा हात कसा होतो, याचा हा दाखला.

हा इतिहास मी मुलांना सांगतो तो परीक्षेसाठी नव्हे. आम्ही ‘घोटभर पाणी’ बसवली तेव्हा भित्तिपत्रकाचा पहिला मसुदा आला. खाली एक सुकलेली ओंजळ, वरून पाण्याची धार, मागे भेगाळलेली जमीन. चित्र सफाईदार होते. दुसऱ्या वर्षातली एक मुलगी बराच वेळ ते पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, पाणी वरून कोण ओततंय? त्याचा हात का नाही काढला?”

या एका प्रश्नात मला आपल्या सगळ्या जाहिरातींचे परीक्षण दिसले. आपले दुःख दाखवणारी चित्रे आपणच किती वर्षे काढतो आहोत! गाडगे, झाडू, तुटलेली साखळी, पसरलेली ओंजळ. पेशवाईतल्या गाडग्या-झाडूची गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिली ती व्यवस्थेवर आरोप म्हणून. आपण तिचे बोधचिन्ह करून टाकले. आरोपीला चित्राबाहेर ठेवले आणि फिर्यादीलाच भिंतीवर टांगले. पाहणारा हळहळतो आणि तिकीट काढतो. त्याला स्वतःविषयी काही विचारले जात नाही.

मुलांनी चित्र उलटे केले. ओंजळ काढून टाकली. वरचा हात काढला. बोटात अंगठी, मनगटावर घड्याळ, मुठीत मागे ओढलेला पाण्याचा पेला. खाली कोरी जागा. भित्तिपत्रकासमोर उभा राहणारा माणूस आपोआप त्या कोऱ्या जागेत, ओंजळीच्या जागी येतो. आकार वीस बाय तीस इंच, रंग काळा आणि निळा. शिरोरेघ जाड, म्हणजे दुचाकीवरून जाणाऱ्यालाही नाव वाचता यावे. ज्या नाट्यगृहात प्रयोग होता, तिथल्या एका कारभाऱ्याने विचारले, “हा हात कोणत्या समाजाचा दाखवलाय?” मुलांनी उत्तर दिले, “आम्ही अंगठी काढलीय, जात तुम्ही ओळखलीत.” भित्तिपत्रक दोन दिवस उतरवून ठेवले गेले, मुलांनी अर्ज दिला, पुन्हा लागले. ज्या कागदावर कोणालाच हरकत नसते, तो नुसताच सुंदर असतो, एवढे मुले त्या दोन दिवसांत शिकली.

कार्यक्रमपत्रिकेची गोष्ट अधिक नाजूक आहे. एक कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात. पहिल्यावर नाव, दुसऱ्यावर पात्रपरिचय, तिसऱ्यावर नाटकाविषयी आणि चौथ्यावर पडद्यामागचे लोक. नावे मागवली तेव्हा एक मुलगा एकटा भेटायला आला. “सर, माझं आडनाव नका छापू.” तो ज्या गल्लीत खोली करून राहत होता, तिथे त्याने आडनाव सांगितले नव्हते. सांगितले असते तर खोली मिळाली नसती. अशा वेळी स्वाभिमानावर व्याख्यान देणे सोपे असते; खोली त्याची जाणार असते, आपली नाही. पण सर्वांचीच आडनावे गाळणे म्हणजे ज्यांनी पहिल्यांदाच आपले पूर्ण नाव छापलेले पाहायचे ठरवले होते, त्यांच्यावर अन्याय. दोन संध्याकाळी मुले यावर भांडली. ठरले असे, की पत्रिका हाताने लिहायची आणि प्रत्येकाने आपले नाव आपल्या अक्षरात, आपल्याला हवे तसे लिहायचे. कोणी तीन ओळींत पूर्ण नाव आणि गाव लिहिले. त्या मुलाने स्वतःचे आणि आईचे नाव लिहिले. नाव लपवणे आणि नाव निवडणे यांत अंतर आहे, आणि ते ज्याचे त्याने चालायचे असते.

चौथ्या पानावर ‘आणि इतर’ हा शब्द लिहायचा नाही, असाही नियम झाला. ‘इतर’ म्हणून जगलेल्यांच्या नातवंडांनी दुसऱ्या कोणाला ‘इतर’ म्हणू नये. प्रकाशयोजनेच्या तारा ओढणारा, कपडे शिवून देणारा शिंपी, सभागृह झाडणाऱ्या मावशी, सगळ्यांना विचारून नावे घेतली. मावशींनी विचारले, “नाव लिहिलं म्हणून पगारातून काही कापतील का रं?” आजवर त्यांचे नाव कागदावर आले ते हजेरीपटात, आणि तिथे नाव आले की कपात आली. कागदाविषयी आपल्या माणसांच्या मनात असलेली ही भीती शतकांची आहे. ती एका पत्रिकेने जात नाही. पण पत्रिका काढणाऱ्या मुलांना ती दिसली तरी पाहिजे.

आता दारातली जागा. नाट्यगृहाचे प्रवेशदालन म्हणजे आत जाण्याआधी थांबायची जागा. या थांबण्याचा आपला अनुभव जुना आहे. चोखोबांची समाधी पंढरीला मंदिराबाहेर आहे. काळारामाच्या दारात २ मार्च १९३० पासून सत्याग्रह झाला. उंबऱ्याबाहेरच्या जागेत आपण नाटकातल्या प्रसंगांची छायाचित्रे, पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ आणि रांगोळी मांडतो, तेव्हा त्या जागेचा अर्थच हरवतो. आमच्या मुलांनी तिथे आपापल्या गावांचे नकाशे लावले. प्रत्येकाने स्वतः काढलेले. आड कुठे, सार्वजनिक विहीर कुठे, टाकी कोणत्या आळीत, नळ कोणत्या वस्तीपर्यंत येऊन थांबतो. एक शब्दही टीकेचा नव्हता. प्रेक्षक चहा घेता घेता आपले गाव शोधू लागले. एक वयस्क गृहस्थ बोट ठेवून म्हणाले, “ही विहीर आता सगळ्यांची आहे.” त्याच गावची मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “विहीर सगळ्यांची आहे काका, पण मोटर एकाची आहे.” तिसरी घंटा होईपर्यंत तिथे बोलणे चालू होते. नाटक आत सुरू व्हायच्या आधीच बाहेर सुरू झाले होते.

आज साधने बदलली. खिळे गेले, जुळारी गेले. फ्लेक्स आला, मोबाइलवर दहा मिनिटांत रंगीत जाहिरात तयार होते आणि शेकडो लोकांना जाते. मुलांनी ही साधने वापरावीत. गरिबीतून आलेल्या ओबडधोबडपणाची पूजा करण्यात अर्थ नाही. पण फ्लेक्सवर नाटकाचे नाव लहान आणि शुभेच्छुक पुढाऱ्यांचे चेहरे मोठे होऊ लागले आहेत. बोलावणारा पुन्हा गावचा धनी आणि दवंडी देणारा पुन्हा आपला पोरगा, असे होत असेल तर रंगीत छपाईने काय साधले? दुसरे असे, की मोबाइलवरची जाहिरात प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी पुसली जाते. चुन्याने रंगवलेली भिंत निदान एक पावसाळा टिकत होती.

म्हणून महाविद्यालयांत नाटक करणाऱ्या प्राध्यापक मित्रांना आणि कार्यकर्त्यांना एक काम सुचवतो. आपल्या वस्त्यांतल्या आणि महाविद्यालयांतल्या प्रयोगांची जुनी पत्रके मी घरोघर पाहतो. ट्रंकेच्या तळाशी, पुस्तकाच्या घडीत, सुटकेसच्या अस्तरात. त्यांतल्या कित्येकांवर वार असतो, तारीख असते, ‘रात्रौ ठीक ९ वाजता’ असते. साल नसते. काढणाऱ्याला वाटले, साल सगळ्यांना माहीतच आहे. उद्या कोणीतरी आपला इतिहास लिहील असे त्याला वाटले नव्हते. बिनसालाच्या कागदावर इतिहासकार विसंबू शकत नाही आणि आपले पूर्वज पुन्हा एकदा मोजणीबाहेर राहतात.

तेव्हा यापुढे प्रत्येक भित्तिपत्रकावर साल छापावे. प्रत्येक पत्रिकेवर ती कोणी रंगवली, कोणी लिहिली, कोणी डकवली यांची नावे असावीत. प्रयोगानंतर तिन्ही कागदांच्या दोन प्रती, एक ग्रंथालयात आणि एक एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी, ठेवाव्यात. घरात ट्रंक असेल तर ट्रंकेत, नसेल तर बाबासाहेबांच्या तसबिरीमागे. तिथे वाळवी लागू नये म्हणून घरातली माणसे आधीच जागी असतात.